मुधोळचं पिल्लू कुणी आणावं?

घटप्रभेच्या काठचं मुधोळ बेळगाव-निपाणीकरांना परकं नाही. घोरपड्यांचं हे मराठा संस्थान. राजे मालोजीराव घोरपडे यांनी इथल्या शिकारी कुत्र्यांची पैदास जपली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली. पुढे जानेवारी २००५मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६मध्ये काही पिल्लं लष्कराच्या मेरठ इथल्या प्रशिक्षण केंद्रात गेली. ऑगस्ट २०२०मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं आणि गल्लोगल्ली मुधोळचं पिल्लू मागणारे दिसू लागले.

मागणी वाढली, ती नावाला. कुत्रा मात्र धावणारा आहे.

शिकारी कुत्र्यांत नाकाचे आणि डोळ्यांचे असे दोन वंश. विलायती स्पॅनियल नाकाचा. झुडपात घुसून पाखरं उठवायची, हे त्याचं काम. मुधोळ डोळ्यांचा. उघड्या माळावर ससा दिसला की सुटायचं. खोल छाती, बारीक कंबर, लांब पाय आणि अंगाला चिकटलेली लव, हे सारं त्या धावेसाठीच. बेळगावच्या धो धो पावसात स्पॅनियलचे लोंबते, केसाळ कान ओले राहून चिघळतात. मुधोळला तो त्रास नाही. त्याची अडचण वेगळी: अंगावर चरबीच नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार आता गुन्हा आहे, पण पायांतली ओढ काही गेली नाही. म्हणून पिल्लू आणण्याआधी घरच्यांनी स्वतःला विचारावं, रोज सुरक्षित, कुंपणाच्या आत मोकळं धावायला जागा आहे का? निपाणी-चिकोडीकडे शेतवस्तीवर राहणाऱ्यांना ती असते. शेतात मेंढरं बसवणाऱ्या धनगराच्या तळावर तर राखणीचं कामही असतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, साखळीला, हा कुत्रा कुढतो. अशा घरानं दुसरी जात पाहावी, हे स्पष्ट सांगायला हवं.

निवडताना कागदाचाही घोळ होतो. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीला 'कॅरव्हान हाउंड' म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड'. मुधोळजवळच्या तिम्मापुरात पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. कुठूनही आणा, आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये. भेदरट किंवा अंगावर धावणारी आई बरंच काही सांगून जाते. आठ आठवड्यांआधी ते तिच्यापासून तोडू नये. पार्वोची लस वेळेवर द्यावी, तीन महिन्यांचं झालं की रेबीजचीही. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड रोज शोधावेत. गोचीडताप दिसतो साधा, पण जीव घेतो.

बरगड्या थोड्या दिसल्या म्हणून भाकरी वाढवत बसू नये; निरोगी मुधोळ तसाच दिसतो. भाकरीबरोबर अंडी, मांस हवं. शस्त्रक्रिया करायची झालीच, तर भूल देण्याआधी जात सांगावी, कारण अंगात चरबी नसल्यानं काही औषधांची गुंगी फार वेळ टिकते. आणि डिसेंबरच्या थंडीत रात्री त्याच्याखाली जाड गोणपाट हवंच.