परवलीचा शब्द ठेवावा कोठे?

दूरच्या संगणकाशी आपल्या मेजावरून संपर्क साधून तेथील काम उरकणे ही गोष्ट आता मोठ्या कचेऱ्यांपुरती राहिलेली नाही. ज्या प्रणालीद्वारे हे साधते तिला दूरस्थ टर्मिनल म्हणतात. ती प्रत्येक वेळी परवलीचा शब्द विचारते, आणि कामाच्या गर्दीत असलेला कर्मचारी साहजिकच म्हणतो, "हा शब्द एकदाच नोंदवून ठेवता येत नाही काय?" शेतकऱ्याच्या उताऱ्यावरील नाव किंवा विद्यार्थ्याचे गुण त्या शब्दामागे असू शकतात, म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे इष्ट होय.

पूर्वी यासाठी टेलनेट ही पद्धत प्रचारात होती. तीत परवलीचा शब्द तारेवरून जसाच्या तसा जात असे. 1995 साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरून टिपले गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत निर्माण केली. तिच्यामुळे वाटेतील चोरीचा बंदोबस्त झाला. घरातील चोरीचा प्रश्न मात्र उरला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. (प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्याने त्यालाही तो दोनदा समजावून घ्यावा लागला!) दूरच्या संगणकाला आपला शब्द जपून ठेवण्याची गरजच नसते. जोंधळा दळून झाल्यावर पिठातून दाणे परत मिळत नाहीत; त्याचप्रमाणे शब्दाचे उलट न फिरविता येणारे रूप तो जवळ बाळगतो आणि आपण शब्द दिला की तो दळून दोन्ही पिठे ताडून पाहतो. युनिक्स प्रणालीतील अशा व्यवस्थेचे वर्णन रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनी 1979 साली केले. दळताना मिसळल्या जाणाऱ्या यादृच्छिक अंशाला तज्ज्ञ 'मीठ' म्हणतात.

आपल्या मेजावरील संगणकाला मात्र ही युक्ती चालत नाही. त्याला मूळ दाणेच पाठवावयाचे असतात. म्हणजे शब्द साठवायचा तर तो परत मिळविता येईल अशाच रूपात साठवावा लागतो. तो सांकेतिक लिपीत लिहिला, तरी ती उलगडण्याची रीत त्याच यंत्रावर असेल, तर कुलूप लावून किल्ली शेजारच्या कोनाड्यात ठेवल्यासारखेच झाले.

याच कारणास्तव सायमन टॅटम यांनी 1999 साली प्रसृत केलेल्या पुटी या विनामूल्य प्रणालीत शब्द जतन करण्याची सोय हेतुपुरस्सर ठेवलेली नाही. पुष्कळांना ती उणीव वाटते. आमच्या मते तो शहाणपणा आहे. काही जण शॉर्टकटमध्येच शब्द लिहून पळवाट काढतात, परंतु तो शॉर्टकट उघडून पाहणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. फायलींची ने-आण करणाऱ्या विनएससीपीमध्ये शब्द साठविता येतो. मात्र तेथे मुख्य परवलीचा शब्द नेमल्यावरच साठा खऱ्या अर्थाने कुलूपबंद होतो.

उत्तम मार्ग किल्ल्यांच्या जोडीचा. पुटीजेन या साधनाने ही जोडी तयार होते. सार्वजनिक किल्ली दूरच्या संगणकावर एका ओळीत नोंदविली जाते. खासगी किल्ली आपल्या यंत्रातून बाहेर जात नाही. खासगी किल्लीला परवलीचे वाक्य अवश्य लावावे, कारण त्याविना ती फाईल उघड्या शब्दाइतकीच धोक्याची. हे वाक्य दिवसातून एकदा पेजंट या साधनाला दिले की ते किल्ली केवळ स्मृतीत सांभाळते आणि दिवसभर पुन्हा विचारत नाही. कर्मचाऱ्याची बदली झाली, तर त्याची एक ओळ पुसली की काम भागते. सामायिक शब्द असता, तर तो सर्वांसाठीच बदलावा लागला असता.

किल्लीही निर्दोष असतेच असे नाही. पुटीच्या 0.68 ते 0.80 या आवृत्त्यांतील एक दोष 2024 साली आढळला. त्यामुळे 521 बिटांच्या एका विशिष्ट जातीच्या किल्ल्या सह्यांवरून शोधून काढता येत होत्या. अशी किल्ली या आवृत्त्यांत वापरली असल्यास नवी आवृत्ती घेणे पुरेसे नाही. ती किल्लीच रद्द करून दुसरी घडवावी. परवलीचे वाक्य विसरल्यासही नवी जोडी करावी लागते. यंत्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास दूरच्या संगणकाच्या व्यवस्थापकास त्याच दिवशी कळवून आपली ओळ काढून टाकण्यास सांगावे.