बोटं सरळ करू नका

मानेच्या मणक्याला मार लागलेल्या माणसाची बोटं मुडपायला लागली, की घरची मंडळी रोज तेल लावून ती सरळ करत बसतात. नवशिक्या फिजिओथेरपिस्टचा हातही आपसूक तिकडेच जातो. पण इजा मानेतल्या सहाव्या, म्हणजे सी-सिक्स पातळीवर असेल, तर ही माया महागात पडते. अशा माणसाला मनगट वर उचलता येतं, बोटं मात्र हलत नाहीत. मनगट उचललं की जरा आखडलेले स्नायुबंध ताणले जातात, बोटं नि अंगठा मिटतात आणि चमचा हातात राहतो. मनगट सोडलं की मूठ उघडते. या पकडीला टेनोडेसिस म्हणतात. मनगट मागे वळवून बोटंही पुरती ताणली, तर ही पकड कायमची सैल पडते. म्हणून बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट मागे न्यायचं तर बोटं मिटवून.

मज्जारज्जूच्या इजेचं प्रशिक्षण असल्या बारकाव्यांचं असतं. पुण्यात फिजिओथेरपीची कॉलेजं पुष्कळ आहेत. बीपीटी हा पदवी अभ्यासक्रम आजवर इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा, त्यावर दोन वर्षांचं पदव्युत्तर एमपीटी. त्यात न्यूरो निवडली, तरी अर्धांगवायू, पार्किन्सन, सेरेब्रल पाल्सी यांच्या गर्दीत मज्जारज्जूच्या वाट्याला थोडीच जागा येते. शिवाय कॉलेजच्या रुग्णालयात दिसतो तो पहिल्या काही आठवड्यांतला, ऑपरेशन झालेला रुग्ण. दहा वर्षं व्हीलचेअरवर काढल्यावर खांदे कसे झिजतात, हे तिथे कसं कळणार?

ते पाहायचं तर खडकी. इथल्या मिलिटरी हॉस्पिटलात मज्जारज्जूच्या इजेचं स्वतंत्र केंद्र आहे आणि १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. १९७१च्या युद्धानंतर कमरेखाली लुळे पडलेले जवान घरी पाठवायचे, तर त्यांची निगा राखणार कोण, हा प्रश्न होता. या केंद्रात सैनिक वर्षानुवर्षं राहतात, काम करतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. खेळाचा हा धागा इंग्लंडपर्यंत जातो. डॉ. लुडविग गटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिलला मज्जारज्जूचा विभाग उभा केला आणि १९४८ मध्ये तिथेच १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ ते. पुण्याचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय.

शिकणाऱ्याच्या हाती आधी येतो तो तपासणीचा तक्ता. शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी कापसाचा स्पर्श आणि टाचणीची टोच, प्रत्येक बाजूचे दहा स्नायू, शून्य ते पाच गुण. छातीच्या मणक्यांच्या पातळ्यांत बेंबी म्हणजे टी-टेन, स्तनाग्र म्हणजे टी-फोर. शेवटची तपासणी गुदद्वाराची. विद्यार्थी तिथे संकोचतात. पण इजा पूर्ण की अपूर्ण, याचा निकाल तिथेच लागतो, आणि पुढे नातेवाइकांना काय सांगायचं तेही बरंचसं त्यावरच ठरतं.

टी-सिक्स किंवा त्याच्या वरच्या इजेत आणखी एक धोका असतो. व्यायाम चालू असताना रुग्णाचं डोकं अचानक ठणकू लागतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो, रक्तदाब भराभर चढतो. डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नसतं. त्याला ताबडतोब उठवून बसवायचं, कपडे नि पट्टे सैल करायचे आणि कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का ते पाहायचं. बहुतेक वेळा मूळ तुंबलेल्या लघवीतच सापडतं.

इंटरनॅशनल स्पायनल कॉर्ड सोसायटीचे धडे आता इंटरनेटवर मिळतात आणि ते उत्तम आहेत. पण माणसाला पलंगावरून खुर्चीत सरकवताना त्याचा पार्श्वभाग चाकावर घासू न देणं पडद्यावरून शिकता येत नाही. संवेदना नसलेल्या कातडीला घासलेलं कळत नाही आणि तेवढ्याशा जखमेतून बेडसोर होऊन महिनोन्‌महिने पालथं पडून राहावं लागतं.

घरी सोडण्याआधीचं काम तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही. पेठेतल्या जुन्या घराचा जिना, न्हाणीघराचा उंबरा, भारतीय पद्धतीचा संडास. जाणता फिजिओ नातेवाइकांकडून दाराची रुंदी मोजून मागवतो, दार आत उघडतं की बाहेर ते विचारतो, आणि खुर्चीची ऑर्डर त्यानंतरच देऊ देतो.