घरातल्या गोष्टीची कविता होताना

प्रत्येक घरात काही गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. पणजीने एकटीच्या बळावर राखलेली शेती, 1972 च्या दुष्काळात सोडावे लागलेले गाव, गिरणी संपात काढलेले दिवस. सांगणारी माणसे गेली, की या गोष्टीही विरत जातात. त्या टिकाव्यात म्हणून अनेक जण कवितेकडे वळतात. मात्र आठवण मोठी असूनही कविता उभी राहत नाही, असा अनुभव बहुतेकांना येतो. घटना सांगणे आणि घटनेची कविता होणे, या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे त्यामागील प्रमुख कारण होय.

मराठीत हा फरक सर्वांत आधी ओळखला तो जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांनी. पहाटेच्या दळणासोबत त्यांनी माहेर, भाऊ, सासुरवास, लेकीची पाठवणी हे सारे ओवीत आणले. ओवीची जागा एक-दोन ओळींची. तिच्यात संपूर्ण हकिकत मावणे शक्यच नसे. त्यामुळे गाणारी स्त्री एखादेच चित्र निवडत असे आणि ते आई, भाऊ, लेक वा शेजारीण यांपैकी कोणाला तरी उद्देशून सांगत असे. नेमके चित्र आणि ऐकणारे जवळचे माणूस, या दोहोंमुळे खासगी दुःख दुसऱ्या स्त्रीलाही आपले वाटे.

पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या आणि जाते थांबले. त्याबरोबर ओव्या रचण्याचे निमित्तही सरले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्यातील अभ्यासकांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातील शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचे नाव आणि गाव यांचीही नोंद त्यांनी ठेवली. ‘पारी’ या संकेतस्थळाने 2017 पासून हा ठेवा लोकांसमोर आणण्यास प्रारंभ केला.

बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांचे उदाहरण याच परंपरेतील आहे. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. चूल, घरोट, मोट, माहेरची वाट अशा रोजच्या गोष्टींतून त्यांनी आपले आयुष्य मांडले आणि तेही घरात बोलल्या जाणाऱ्या बोलीत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि आप्तांनी ही गाणी टिपून ठेवली नसती, तर ती त्यांच्याबरोबरच संपली असती. ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये प्रसिद्ध झाला.

इंदिरा संत यांनी वेगळी वाट चोखाळली. ‘सहवास’ या संग्रहात त्यांच्या आणि पती ना. मा. संत यांच्या कविता एकत्र आल्या. 1946 मध्ये पतीचे निधन झाले. त्यानंतरच्या ‘शेला’, ‘मेंदी’ या संग्रहांत विरहाची छाया आहे. परंतु त्या घटनेचा वृत्तान्त नाही. निसर्गाच्या प्रतिमांतून दुःख जाणवत राहते. काय सांगायचे याइतकेच काय वगळायचे हेही महत्त्वाचे, हे त्यांच्या कवितेवरून दिसते.

नव्याने लिहिणाऱ्याला यातून काय घेता येईल? 1982 च्या गिरणी संपाची आठवण घेऊ. ‘घरावर संकट कोसळले’ असे लिहिले, तर वाचकाला काहीच दिसत नाही. तेच, रोज पहाटे भरला जाणारा जेवणाचा डबा त्या वर्षी खुंटीला रिकामाच लटकत राहिला, एवढे सांगितले तरी त्या घराची अवस्था कळते. त्यामुळे आधी आठवणीतील एक वस्तू, एक आवाज वा घरातील माणसाचा एक बोल शोधावा. तो बोल मालवणी, वऱ्हाडी वा अहिराणी असेल, तर प्रमाण मराठीत बदलू नये. बोलीसोबत ते माणूसही कवितेत येते. नातेसंबंधांचे आणि तारखांचे स्पष्टीकरण मात्र कमीत कमी असावे.

या लेखनात एक जोखीमही आहे. एकच प्रसंग आईला एका प्रकारे आठवतो आणि मावशीला दुसऱ्या. कवितेने त्यांच्यात निवाडा करण्याची गरज नसते. आठवणीतील ही तफावत हाच कधी कधी कवितेचा विषय ठरतो. मात्र हयात व्यक्तीची लपवलेली व्यथा उघड होणार असेल, तर कविता प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या व्यक्तीशी बोलणे हे कर्तव्यच ठरते.

कविता सावकाश लिहिता येते. ऐकण्याचे काम मात्र थांबत नाही. आजी-आजोबांचे बोलणे आज मोबाइलवरही ध्वनिमुद्रित करता येते. त्यासोबत सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. पुढे त्यातून कविता झाली नाही, तरी घरातील एक आवाज पुढच्या पिढीच्या हाती निश्चित राहील.