दाढीचा ब्रश
साबणाचा फेस करून तो चेहऱ्यावर लावण्याचे साधन. यास केसांचा झुपका व मूठ असे दोन भाग असतात. झुपका बॅजर, डुक्कर किंवा घोडा यांच्या केसांचा, अथवा कृत्रिम तंतूंचा असतो. जुन्या मुठी लाकूड, शिंग, हस्तिदंत वा सेल्युलॉइड यांच्या आढळतात. जालना जिल्ह्यासारख्या ग्रामीण मुलखात धोकटीवाला न्हावी पूर्वी वाटीतील पाण्यानेच दाढी भिजवीत असे.

संग्राहक बहुधा मूठच जपतात. दुरुस्तीत जुना झुपका कापून, खोबणीतील गोंद कोरून नवा झुपका एपॉक्सी रेझिनाने बसवितात. तो फार खोल गेल्यास ब्रश ताठर होतो, वर राहिल्यास केस फिसकटतात. सेल्युलॉइड ज्वालाग्राही असल्याने त्यास उष्णता देऊ नये.

जुने केस वापरणे मात्र धोक्याचे असते. पहिल्या महायुद्धकाळात घोड्याच्या अनिर्जंतुक केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटन व अमेरिकेत सांसर्गिक काळपुळीची लागण होऊन काही सैनिक व नागरिक दगावले. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी ब्रशांची आयात बंद केली. या जंतूंची बीजुके अनेक दशके टिकतात व साध्या गरम पाण्याने मरत नाहीत. तेव्हा अस्सलपणाचा आग्रह येथे गैरलागू होय. हस्तिदंती मुठींचा व्यापार भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनुसार निषिद्ध आहे.