पर्लकोटेपलीकडचं पार्सल

वर्ध्याचा आणि आमच्या भामरागडचा पिनकोड ४४२नेच सुरू होतो. पण वर्ध्याला रेल्वे दारात; आमच्याकडे आलापल्लीपासून जंगलातला रस्ता, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीने पूल बुडवून आम्हाला कितीदा तरी तोडलेलं. एका गावाला एकच पार्सल असलं तरी डिझेल पूर्ण फेरीचं लागतं, म्हणून काही खासगी कुरिअर इकडे येतच नाहीत.

दर नुसत्या वजनाचा नसतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५०००ने भागतात; येणारा आकडा खऱ्या किलोंपेक्षा मोठा असेल, तर पैसे त्याचे. हलकी बादली म्हणूनच महाग पडते.

माझ्या शाळेची पुस्तकं मी टपालानेच मागवते. ग्रामीण डाकसेवक उशिरा का होईना, आणतात. औषधांना मात्र हा उशीर चालत नाही. ती आधी पोहोचावीत, यासाठी सरकारने खर्च उचलायलाच हवा.