फळांवरचे औषध : बागेपासून ताटापर्यंत

सेविन हे नाव भोपाळकरांस निराळे सांगावयास नको. किडीवरचे हे औषध आपल्याच शहरातील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात होत असे. त्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट १९८४ च्या डिसेंबरात २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री वायुरूपाने सुटले आणि हजारो माणसे दगावली. सेविनमधील कार्बारिल हे द्रव्य फळबागांवरही फवारले जाई. २०१८ साली भारत सरकारने त्यावर बंदी घातली. कारखान्यातून सुटलेल्या विषाची कथा आपणांस ठाऊक आहे. परंतु अशा औषधांचा अंश फळांबरोबर घरात कसा येतो, हेही समजून घेणे अगत्याचे आहे.

फवारलेले औषध ऊन, पाऊस आणि झाडाच्या अंगची रसायनक्रिया यांनी दिवसेंदिवस विरत जाते. म्हणून शेवटची फवारणी व तोडणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावयाचे, हे औषधागणिक ठरलेले असते. ते पाळले म्हणजे उरलेला अंश मर्यादेत राहतो. ही मर्यादा कित्येकदा फार बारीक असते, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग!

भाव चढला की दिवस भरण्याआधीच फळ तोडण्याचा मोह होतो. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत मेथोमिल व ॲसिफेट यांचे अंश मर्यादेबाहेर आढळले. पुढे २००६ पासून 'ग्रेपनेट' योजनेत निर्यातीच्या बागांची नोंद व तोडणीपूर्वी तपासणी होऊ लागली. तरीही २०१० साली द्राक्षे पुन्हा नाकारली गेली. या खेपेस कारण होते क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ आवरण्याचे द्रव्य. वेलीस दिलेले औषध रसाबरोबर फळात उतरते, हा त्यातला बोध होय.

निर्यातीच्या फळास अशी बागवार तपासणी लाभते. हातगाडीवरच्या फळास ती लाभत नाही. तेथे तपासणी होते ती अधूनमधून उचललेल्या नमुन्यांपुरतीच.

मग गृहिणींनी काय करावे? फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. साबण वापरू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून त्यात फळ १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन औषधे निघून गेली. सालीच्या आत शिरलेला अंश मात्र राहिला. संत्री, केळी सोलण्यापूर्वीही धुवावीत, कारण सालीवरचे औषध हाताने गरास लागते. भीतीपोटी मुलांचे फळ बंद करणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

धुण्याने सालीवरचे जाते. गरातले राखणे बागवानाच्याच हाती असते. आपल्यापैकी ज्यांच्या गावाकडे बागा आहेत, त्यांनी फवारणीची तारीख वहीत टिपून ठेवावी आणि नेमलेले दिवस भरल्यावाचून फळास हात लावू नये. त्या फळाचे गिऱ्हाईक कोणाचे तरी लहान मूल असते.