बीथोव्हेनच्या केसांची साक्ष

आपल्या मंडळींत मुलाने गणितात बक्षीस मिळवले की, "रक्तातच आहे हो!" असे कौतुकाने म्हणतात. रक्तात किती असते, याचे एक उदाहरण पाहू.

थोर संगीतकार बीथोव्हेन १८२७ साली व्हिएन्नात वारला. त्याच्या जपून ठेवलेल्या केसांच्या बटांवरून २०२३ मध्ये त्याचा डीएनए वाचण्यात आला. सहा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून, ठेक्यावर टाळी धरता येण्याशी निगडित असे डीएनएतले बारीक फरक आधीच हुडकलेले होते. त्या फरकांची बेरीज करून २०२४ मध्ये संशोधकांनी बीथोव्हेनला गुण दिले. निकाल? आजच्या शंभर माणसांत सुमारे नव्वद त्याच्या पुढे!

संशोधकांना यात नवल वाटले नाही. एकेका फरकाचा परिणाम अगदी किरकोळ असतो. ही बेरीज समूहाच्या सरासरीबद्दल थोडेफार सांगते, एका माणसाबद्दल फारच कमी. बुद्धिमत्तेचे 'जनुकीय गुण'ही याच रीतीने काढतात.

मुलाची लाळ तपासणीला पाठवावी, असे माझ्याही मनात होते. तो बेत सोडला. त्या पैशांत त्याला तबल्याची शिकवणी लावली आहे.